लहान प्रमाण, खरं यंत्र – भाग ९ : उभ्या हेलिकॉप्टरची पाती

गेले काही आठवडे आपण रणगाड्यांतच रमलो होतो. नगरमध्ये ते साहजिक आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये उभं केलेलं रणगाडा संग्रहालय इथेच आहे. विजयंता, सेंच्युरियन, पाकिस्तानकडून हाती लागलेले पॅटन, पाण्यावर तरंगणारा पीटी-७६, सगळं हाताच्या अंतरावरून बघता येतं. बुर्जाचा उतार कसा असतो, ट्रॅकची कडी किती जाड असते, हे इथल्या मुलांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. त्यामुळे आपल्याकडचा माणूस पहिला किट घेतो तो बहुधा रणगाड्याचाच, आणि त्याच्यावरच त्याचा हात बसतो.

आजपासून हेलिकॉप्टर. सुरुवातीलाच सांगतो, रणगाड्याने लावलेल्या काही सवयी इथे सोडाव्या लागतील. रणगाडा चुका पोटात घालतो. दोन भागांमध्ये फट राहिली तर पुट्टी भरा, वरून चिखल आणि धूळ चढवा, कुणाला पत्ता लागत नाही. हेलिकॉप्टरवर झाकायला चिखल नाही. पुढचा निम्मा भाग काचेचा, मागे बारीक शेपटी, वर लांब पातळ पाती. आतलं सगळं बाहेरून दिसतं आणि बाहेरचं सगळं नाजूक असतं.

बाजारात अपाची, ह्यूई, एमआय-२४ यांचे किट सहज मिळतात. तरी पहिलं हेलिकॉप्टर चेतकच करावं, असा माझा आग्रह आहे. मूळचं हे फ्रेंच अलुएत-३. त्याचं पहिलं उड्डाण २८ फेब्रुवारी १९५९ चं. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने परवाना घेऊन १९६५ पासून ते भारतात बनवलं आणि तीनशेहून जास्त यंत्रं बाहेर काढली. भूदल, नौदल, वायुदल तिन्हींनी ते वापरलं. १ नोव्हेंबर १९८६ रोजी भूदलाची आर्मी एव्हिएशन कोअर स्वतंत्र झाली तेव्हा चेतक आणि त्याचा धाकटा भाऊ चीता यांच्यावरच तिची भिस्त होती. भूदलाच्या वैमानिकांना तयार करणारी शाळा आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, नाशिक रोडला आहे. किट घेताना डब्यावर 'अलुएत-३' हे नाव शोधा. १/७२ मध्ये फ्रान्सच्या हेलेर कंपनीचा जुना किट आहे. चीता मात्र पहिल्याच खेपेला घेऊ नका. त्याची शेपटी उघड्या नळ्यांच्या सांगाड्याची आहे आणि साच्यातून आलेल्या प्लॅस्टिकमध्ये त्या नळ्या हमखास जाड वाटतात.

चेतककडे बघताना एक गोष्ट मला नेहमी आठवते. बांगलादेशच्या मुक्तियुद्धात, ३ डिसेंबर १९७१ च्या रात्री नारायणगंजजवळच्या गोदनाइल इथल्या इंधनसाठ्यावर हल्ला केला तो बंगाली वैमानिकांनी, भारताने दिलेल्या एका अलुएत-३ मधून. बाजूला रॉकेटचे पॉड लावले होते. मुळात माणसं आणि सामान नेणारं हे साधं यंत्र. पुढे कधी हात चांगला बसला की ती आवृत्ती करण्यासारखी आहे.

आता प्रमाणाचं. तुमच्या कपाटातले रणगाडे बहुतेक १/३५ चे असतील. हे प्रमाण जपानच्या तामियाने १९६१ मध्ये पँथर रणगाड्याचा किट काढला तेव्हा रूढ झालं. आत मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून तो आकार ठरला होता. १/७२ चं मूळ वेगळं आहे. सहा फुटांचा माणूस त्यात बरोबर एक इंचाचा होतो. १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या स्कायबर्ड्सच्या लाकडी विमानांनी ते प्रमाण आणलं, १९३६ मध्ये फ्रॉगने प्लॅस्टिकचे किट त्याच प्रमाणात काढले आणि पुढे विमानांच्या दुनियेत तेच पक्कं झालं. चेतकच्या रोटरचा व्यास ११.०२ मीटर. १/७२ मध्ये तो १५३ मिलिमीटर होतो, १/३५ मध्ये ३१५. म्हणून १/३५ च्या रणगाड्याशेजारी १/७२ चं चेतक ठेवू नका, खेळणं दिसतं. जोडी हवीच असेल तर १/७२ चा पीटी-७६ घ्या. त्याची बॉडी सुमारे ९६ मिलिमीटर भरते आणि दोन्ही यंत्रं एकाच मैदानावर उभी असल्यासारखी वाटतात.

जोडणी आतून बाहेर करायची. जमीन, खुर्च्या, दांडे, उपकरणांची पाटी हे सगळं रंगवून, वाळवून, मगच काच बसवायची, कारण नंतर आत हात जात नाही. काचेच्या भागाला सुपरग्लू लावू नका. त्याची वाफ काचेवर पांढरी साय धरते आणि ती पुसली जात नाही. साधा पांढरा फेविकॉल पुरतो. सुकला की पारदर्शक होतो आणि सांडला तर ओल्या काडीने निघतो. काचेच्या चौकटी रंगवताना आधी आतल्या भागाचा करडा रंग बाहेरून मारा, तो वाळल्यावर त्यावर बाहेरचा हिरवा. काच आरपार असल्यामुळे आतून बघणाऱ्याला चौकट करडीच दिसते, खऱ्यासारखी. हा एक थर चुकवला तर वैमानिकाच्या डोक्यावर हिरव्या पट्ट्या दिसत राहतात.

आपल्या हवेबद्दलही दोन शब्द. नगरचा उन्हाळा कोरडा. ॲक्रिलिक रंग स्प्रेने मारला तर थेंब वाटेतच सुकतात आणि पृष्ठभागावर बारीक कणी बसते. रणगाड्यावर ती खपून जाते, काचेशेजारच्या गुळगुळीत पत्र्यावर नाही. एप्रिल-मे मध्ये पहाटे रंगवा, रंगात वाळणं लांबवणारं रिटार्डर दोन थेंब टाका आणि पंखा बंद ठेवा. धूळ हा आपला कायमचा पाहुणा आहे. रंगवलेल्या भागावर लगेच डबा पालथा घाला.

चेतक तीन चाकांवर उभं राहतं, एक पुढे, दोन मागे. खऱ्या यंत्रात इंजिन, गिअरबॉक्स, माणसं यांचं वजन जिथल्या तिथे असतं. किटमध्ये सगळीकडे सारखंच प्लॅस्टिक, म्हणून शेपटी भारी होऊन मॉडेल मागे बसू शकतं. बॉडी चिकटवण्याआधी भाग टेपने जोडून चाकांच्या जागी बोटं लावून बघा. मागे कलत असेल तर शिशाचा किंवा लोखंडाचा तुकडा खुर्च्यांखाली, जमिनीच्या पोटात दडवा. नाकात काच असल्यामुळे विमानासारखं तिथे वजन कोंबता येत नाही.

आता पाती. माझ्या मते हेलिकॉप्टरचं मॉडेल जगतं किंवा मरतं ते इथे. खिळ्यांच्या रांगा कितीही नेमक्या कोरल्या, पण पाती पट्टीसारखी सरळ आडवी ठेवली, तर समोर उभं आहे ते वजन नसलेलं काहीतरी वाटतं. जमिनीवर उभ्या असलेल्या कुठल्याही हेलिकॉप्टरचा फोटो बघा, पाती खाली झुकलेली असतात. चेतकची पाती बुंध्याशी बिजागरांवर बसवलेली आहेत. रोटर मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे घेतो, तेव्हा पात्याचं टोक ताशी सातशे किलोमीटरच्या वर जातं. त्या वेगात बाहेर ओढणारा जोर पात्याला ताठ धरतो आणि हवेची उचल त्याला थोडं वरच नेते. फेरे थांबले की ओढ संपते, पातं बिजागरावर खाली येऊन अडसराला टेकतं आणि पुढे स्वतःच्या वजनाने वाकतं.

मग किटमधलं पातं आपसूक का वाकत नाही? त्याचं उत्तर प्रमाणातच आहे. वस्तू सर्व बाजूंनी लहान केली की तिचं वजन लांबीच्या घनाने घटतं, पण ताठपणा तितक्या झपाट्याने घटत नाही. साहित्य तेच आहे असं धरलं तर लांबीच्या मानाने येणारा झोक प्रमाणाइतकाच कमी होतो. १/७२ मध्ये तो बहात्तरपट कमी, म्हणजे डोळ्याला शून्य. गुरुत्वाकर्षण जे करणार नाही ते आपल्या हाताने करावं लागतं. लहान प्रमाणात काम करणाऱ्याने ही गोष्ट मनात पक्की बांधून ठेवावी. कापडी आच्छादन, दोर, ताडपत्री, सगळ्यांना हाच नियम लागू आहे.

वाकवायचं कुठून, यात बरेच जण फसतात. ज्वारीचं पान टोकाकडे झुकतं, कारण ते टोकाकडे पातळ होत जातं. चेतकचं पातं तसं नाही. त्याची रुंदी बुंध्यापासून टोकापर्यंत सारखीच आहे. अशा पात्यावर सगळ्यात जास्त ताण बुंध्याशी येतो, टोकाशी काहीच नाही. म्हणून बाक बुंध्याकडच्या भागात असतो आणि टोकाकडचा भाग जवळजवळ सरळ, पण खाली उतरता असतो. टोक वाकवलेलं मॉडेल दुरूनही ओळखू येतं.

किती वाकवायचं हे फोटोवरून काढा. यंत्राचा बाजूने, जमिनीच्या पातळीवरून घेतलेला फोटो घ्या. रोटरच्या मध्यापासून आडवी रेघ ओढा, टोक तिच्यापासून किती खाली आहे ते मोजा आणि पात्याच्या लांबीने भागा. तेच गुणोत्तर मॉडेलला लावा, प्रमाण कुठलंही असो. फोटो संरक्षण खात्याने प्रसिद्ध केलेले किंवा संचलनाचे भरपूर मिळतात. लष्करी हद्दीत मोबाईल काढायची गरज नाही आणि काढूही नये.

मग जाड पुठ्ठ्यावर तो बाक काढून कापा. हा झाला तुमचा साचा. पातेल्यात पाणी उकळून गॅस बंद करा, चिमट्याने पातं बुंध्याकडून पाण्यात धरा. किटचं पॉलिस्टायरीन उकळत्या पाण्याच्या आसपासच्या तापमानाला मऊ पडतं. बाहेर काढून हलक्या हाताने पुठ्ठ्याच्या बाकावर बसवा आणि तसंच थंड पाण्यात बुडवा. एका झटक्यात पूर्ण बाक आणायला जाऊ नका, पातं पिळलं तर सरळ करणं फार अवघड. तिन्ही पाती एकाच पुठ्ठ्यावर तपासा. लहान मुलं करत असतील तर गरम पाण्यापाशी मोठं माणूस हवं.

बसवताना दिशा बघा. चेतकचा रोटर वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, अमेरिकी यंत्रांचा उलट. पात्याची जाड, गोलसर कड पुढे जाते, पातळ कड मागे. अमेरिकी किट जोडलेल्या हाताला उलटी सवय असते. आणखी एक तपशील किटमध्ये बहुधा नसतो: तिन्ही पात्यांच्या बुंध्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या तारा. त्या पात्यांमधलं अंतर राखतात. किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या सांगाड्याला जोडलेले येतात त्याचा उरलेला तुकडा मेणबत्तीच्या वर तापवून ओढला की केसासारखा धागा निघतो, त्याचे तीन तुकडे पुरतात.

रोटर अजून चिकटवू नका. नुसता दांड्यावर ठेवा, एक पातं बरोबर शेपटीच्या वर आणा आणि टोक शेपटीला लागत नाही ना ते बघा. लागत असेल तर बाक जास्त झाला आहे किंवा दांडा खोल बसला आहे. मग रोटर काढून वेगळा रंगवा. रंग आणि खुणा पुढच्या आठवड्यात.