तेंदूच्या हंगामातली लस

मे महिन्यात गडचिरोलीच्या भामरागड, एटापल्ली किंवा धानोरा तालुक्यातल्या एखाद्या गावात सकाळी नऊला लसीकरणाचं शिबिर लावलं, तर तिथे म्हातारी माणसं आणि लेकरंच भेटतील. बाकीचं गाव पहाटेच तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलेलं असतं. दुपारी घरी येऊन पानं जुळवायची, ७० पानांचा एक असे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानांच्या संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे. वर्षातली मोठी रोख कमाई याच थोड्या दिवसांची. आणि फ्लूची लस घ्यायला शास्त्राच्या हिशेबाने सर्वांत योग्य काळ कोणता, तर तोही हाच.

याचं कारण विषाणूच्या स्वभावात आहे. फ्लूच्या विषाणूच्या पृष्ठभागावरची प्रथिनं सतत थोडीथोडी बदलत राहतात, त्यामुळे गेल्या वर्षी शरीराने घेतलेली ओळख यंदा पुरेशी पडत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कोणते विषाणू घ्यायचे ते सुचवते. आपण उत्तर गोलार्धात राहतो, पण महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो. जानेवारी ते मार्च ही दुसरी, बहुधा लहान लाट. लस घेतल्यावर प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे मृग लागण्याआधी लस दंडात गेलेली बरी. जून उलटला की पर्लकोटा नदीला पूर येतो, भामरागडचा रस्ता तुटतो आणि मग लस कितीही चांगली असली तरी ती पुलाच्या अलीकडेच राहते.

गडचिरोलीत फ्लू फारसा नसतो असं काही जण मानतात. मला ते पटत नाही. इथे पावसाळ्यात ताप म्हटलं की आधी हिवताप आठवतो, आणि ते बरोबरच आहे. राज्यातल्या हिवतापाचा मोठा वाटा याच जिल्ह्याचा. आशाताई बोटातून रक्त घेते, जागीच तपासणी करते. हिवताप निघाला तर औषध सुरू. नाही निघाला तर पॅरासिटामॉल आणि दोन दिवस आराम. त्या ‘नाही निघाला’मध्ये किती फ्लू असतो, हे घशातला स्राव प्रयोगशाळेत गेल्याशिवाय कळत नाही. न मोजलेला आजार नसतोच, असं थोडंच आहे? १९१८च्या साथीत मध्य प्रांत देशातल्या सर्वाधिक होरपळलेल्या भागांपैकी एक होता, आणि आजचे गडचिरोली आणि चंद्रपूर हे दोन्ही जिल्हे तेव्हा त्याच प्रांतातला चांदा जिल्हा होते.

निरोगी तरुणाला फ्लू आठवडाभर लोळवतो आणि सोडतो. पण या दोन जिल्ह्यांत त्याला सहज बळी पडतील अशी माणसं बरीच आहेत. सिकलसेलचे रुग्ण घ्या. त्यांची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे जिवाणूंशी लढण्याची ताकद कमी पडते. फ्लूनंतर न्यूमोनिया झाला की फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत विळ्याच्या आकाराच्या पेशी अडकतात, प्राणवायू घटतो, तो घटला की आणखी पेशी वाकड्या होतात. हे दुष्टचक्र काही तासांत जिवावर बेतू शकतं. चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणी, औष्णिक वीजकेंद्र आणि सिमेंटचे कारखाने. तिथे वर्षानुवर्षं धूळ ओढलेली फुप्फुसं. शिवाय दोन्हीकडच्या गरोदर बाया. फ्लूची लस संसर्ग पूर्णपणे थांबवत नाही. विषाणूशी जुळली तर आजार साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. अशा माणसांसाठी एवढंही पुष्कळ आहे.

करोनाच्या लसीने या भागाला काय शिकवलं, ते इथे उपयोगी पडतं. १ एप्रिल २०२१ पासून पंचेचाळिशीवरच्या सर्वांना लस खुली झाली, म्हणजे मोहाचा हंगाम संपत आलेला आणि तेंदूचा तोंडावर. कोविशील्डनंतर अनेकांना एखाद-दोन दिवस ताप यायचा. शहरात त्यासाठी रजा टाकता येते. तेंदूच्या दिवसांत तेवढी मजुरी बुडते. मग ‘सुई घेतली आणि माणूस आजारी पडला’ ही बातमी गावोगाव जायला वेळ लागत नाही. त्यातच १३ मे रोजी दोन डोसांमधलं अंतर १२ ते १६ आठवडे झालं. शास्त्रीयदृष्ट्या त्याला आधार होता, पण एप्रिलमध्ये पहिली सुई घेतलेल्याची दुसरी सुई ऐन रोवणीत आली. १ मेपासून अठरा ते ४४ वयाच्यांना आधी मोबाइलवर नोंदणी करणं सक्तीचं होतं; ओटीपी यायला टॉवर लागतो, हे नियम करणाऱ्यांना कुणी सांगितलं नसावं. २४ मेपासून सरकारी केंद्रांवर जागेवरच नोंदणीची मुभा मिळाली. नोव्हेंबरात ‘हर घर दस्तक’ मोहिमेत लस दारापर्यंत गेली. जे शेवटी केलं, ते आधी करता आलं असतं.

दारापर्यंत जाण्यात तांत्रिक अडचण आहे, पण ती सुटलेली आहे. लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा मे ४६ अंशांच्या पुढे जातो. परिचारिकेच्या खांद्यावरच्या लसवाहक पेटीत चार बर्फाच्या थैल्या असतात. फ्रीजरमधून काढल्या काढल्या त्या आत ठेवायच्या नसतात. हलवून पाहायचं, आत पाणी खुळखुळलं की मगच लसीशेजारी ठेवायच्या, कारण गोठलेली फ्लूची लसही उष्णतेने बिघडलेल्या लसीइतकीच निकामी. रोजच्या लसीकरणात परिचारिका हे सगळं करतातच.

आणि विश्वास? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळाला त्या घरी जाऊन इंजेक्शनही देत. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. सुईची भीती, सुई कुणाच्या हातात आहे यावर बरीच ठरते.

फ्लूची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. खाजगी डॉक्टरकडे ती दीड-दोन हजारांच्या घरात पडते, म्हणजे तेंदू तोडणाऱ्या घरासाठी नाहीच. पण महाराष्ट्राने २०१५ पासून गरोदर माता, मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना सरकारी दवाखान्यात ती मोफत देण्याचं धोरण ठेवलं आहे. या यादीत सिकलसेलचं नाव ठळक हवं, आणि लस एप्रिलच्या मध्यापर्यंत उपकेंद्रात यायला हवी. शिबिराची वेळ सकाळी नऊची नको, संध्याकाळी सहाची हवी, आणि जागा तेंदूची फळी. त्या वेळी सारं गाव तिथे उभं असतं. घरात गरोदर बाई, मधुमेही किंवा सिकलसेलचा रुग्ण असेल, तर एप्रिल लागताच आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि फ्लूची लस कधी येणार, ते डॉक्टरांना विचारा.