पाच चंद्र असूनही प्लुटो ग्रह का नाही?

पृथ्वीला चंद्र एक, मंगळाला दोन आणि प्लुटोला तब्बल पाच. तरीही पृथ्वी आणि मंगळ ग्रहांच्या यादीत, प्लुटो मात्र बाहेर. हे कसं काय? नऊ ग्रह पाठ करून मोठे झालेले आई-बाबा आणि पुस्तकात आठच ग्रह वाचणारी मुलं यांच्यात हा वाद घरोघरी होऊ शकतो.

पहिली गोष्ट म्हणजे चंद्र असण्या-नसण्याचा ग्रहपदाशी संबंधच नाही. बुध आणि शुक्राला एकही चंद्र नाही, पण त्यांना कोणी यादीतून काढलेलं नाही. उलट काही लहानशा लघुग्रहांनाही स्वतःचे चंद्र आहेत. गंमत अशी की प्लुटोची खरी पत उघडी पाडली ती त्याच्याच चंद्राने.

अमेरिकेतील अ‍ॅरिझोनाच्या लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉमबॉ यांनी १९३० साली प्लुटो शोधला. सुरुवातीला तो पृथ्वीइतका वजनदार असावा असा अंदाज होता. पुढे हा अंदाज कमी कमी होत गेला, पण नक्की आकडा कोणालाच सांगता येईना. इतक्या लांबच्या गोलाचं वजन करायचं तर काटा कुठून आणणार? तो काटा म्हणजे चंद्र. चंद्र किती अंतरावरून फिरतो आणि एका फेरीला किती वेळ घेतो, हे कळलं की वजन (शास्त्राच्या भाषेत वस्तुमान) गणिताने काढता येतं.

१९७८ च्या जूनमध्ये अमेरिकी नौदलाच्या वेधशाळेतले जेम्स क्रिस्टी प्लुटोचे फोटो तपासत होते. काही फोटोंत प्लुटोला एका बाजूने टेंगूळ आल्यासारखं दिसत होतं. फोटोतच दोष म्हणावा, तर शेजारचे तारे व्यवस्थित गोल होते. शिवाय टेंगूळ जागा बदलत होतं, आणि तेही ठरावीक दिवसांनी. तो चंद्र निघाला. त्याचं नाव शॅरन. त्याच्या आधाराने हिशेब मांडला तेव्हा प्लुटो पृथ्वीच्या साधारण साडेचारशेव्या हिश्श्याएवढा, आणि आपल्या चंद्राच्याही सहाव्या हिश्श्याच्या आसपास भरला!

शॅरन हे प्रकरणही साधं नाही. प्लुटोचा व्यास सुमारे २३७७ किमी, तर शॅरनचा १२१२ किमी, म्हणजे निम्म्याहून थोडा जास्तच. दोन मुली फुगडी घालतात तेव्हा दोघी सारख्या असतील तर मधल्या बिंदूभोवती फिरतात. मोठी बाई आणि लहान पोर असेल तर बाई जवळजवळ जागेवरच फिरते आणि पोर तिच्याभोवती. पृथ्वी आणि चंद्राची फुगडी दुसऱ्या प्रकारची. त्यांचा तोलबिंदू पृथ्वीच्या पोटातच आहे. प्लुटो आणि शॅरनचा मात्र दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडतो. शिवाय दोघं कायम एकमेकांकडे तोंड करूनच फिरतात आणि ६ दिवस ९ तासांत एक फेरी पूर्ण करतात. त्यामुळे प्लुटोच्या एका बाजूवरून शॅरन कधीच मावळत नाही, तर दुसऱ्या बाजूला कधीच दिसत नाही. निक्स, हायड्रा, कर्बेरॉस आणि स्टिक्स हे बाकीचे चार चंद्र म्हणजे ओबडधोबड तुकडे. त्यातला मोठ्यात मोठाही लांबीला ५० किमीच्या आसपास.

२००५ मध्ये प्लुटोच्याही पलीकडे एरिस सापडला. तो प्लुटोपेक्षा मोठा वाटत होता. म्हणजे प्लुटो ग्रह असेल तर एरिसलाही तो मान द्यायला हवा. ऑगस्ट २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेची सभा प्रागमध्ये भरली. आधीच्या मसुद्यात ग्रहांची संख्या १२ होणार होती. त्यात सीरिस, एरिस आणि चक्क शॅरनही होता, कारण तोलबिंदू बाहेर असेल तर दोघंही ग्रह, असं त्या मसुद्याचं म्हणणं होतं. आठवडाभर वादावादी झाली आणि २४ ऑगस्टला वेगळीच व्याख्या मंजूर झाली. सूर्याभोवती फिरायला हवं, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल व्हायला हवं आणि आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला हवा. प्लुटो तिसऱ्या अटीत अडकला. त्याच्या आसपास बर्फाळ गोलांची गर्दी आहे, तिला कायपर पट्टा म्हणतात. त्याला बटुग्रहाचा दर्जा मिळाला.

एरिसचं वजनही पुढे त्याच्या डिस्नोमिया या चंद्रावरूनच निघालं. २००७ मध्ये तो प्लुटोपेक्षा २७ टक्क्यांनी जड ठरला. आकारात मात्र प्लुटो किंचित मोठा, हे २०१५ मध्ये ‘न्यू होरायझन्स’ यान प्लुटोजवळून गेल्यावर पक्कं झालं. बिचारं यान जानेवारी २००६ मध्ये निघालं तेव्हा प्लुटो ग्रहच होता!

या मोहिमेचे प्रमुख अ‍ॅलन स्टर्न यांना ती व्याख्या आजही मान्य नाही. आकडे पाहता प्लुटोला आठांच्या पंगतीत बसवणं अवघडच आहे, पण व्याख्येची भाषा ढिली आहे हेही खरं. परिसर ‘मोकळा’ म्हणजे नेमका किती, हे तिच्यात सांगितलेलं नाही. आणि ती फक्त आपल्या सूर्यापुरती असल्याने दुसऱ्या ताऱ्यांभोवती सापडलेले हजारो ग्रह तिच्यात बसतच नाहीत.

पंचांगातल्या नवग्रहांना या सगळ्याचा धक्का लागत नाही. त्यात रवी, चंद्र, राहू, केतू धरून नऊ होतात, प्लुटो त्यात कधी नव्हताच.

राहिला शॅरन. ग्रह होता होता राहिलेला हा गोल अधिकृत यादीत अजूनही प्लुटोचा चंद्र म्हणूनच आहे. प्लुटो आणि शॅरन ही बटुग्रहांची जोडीच मानावी, असं म्हणणारेही शास्त्रज्ञ आहेत, पण तशी जोडी ठरवण्याचा नियम संघटनेने अद्याप केलेला नाही.