कबड्डीतला होतकरू मुलगा पारखायचा कसा?

निवड चाचणीत गुणलेखकाच्या वहीत जे उतरतं, त्यावर मुलाचं भवितव्य ठरतं. पाच चढायांत चार गुण आणणारा पुढे जातो, दोन आणणारा घरी जातो. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यापासून या वहीचं वजन फार वाढलं आहे. अठरा-वीस वर्षांच्या मुलाला आता नोकरीच्या आशेवर संस्थेकडून खेळत राहण्यापलीकडे थेट व्यावसायिक कराराची वाट दिसते आणि लीगमध्ये अशा नवोदितांसाठी स्वतंत्र वर्गही आहे. पुण्यासारख्या ठिकाणी, जिथे बाणेर-बालेवाडीपासून ग्रामीण तालुक्यांपर्यंत संघ आहेत, तिथे पारख चुकली तर नुकसान एका मुलाचं होतं आणि खेळाचंही. माझं म्हणणं असं की या वयात गुणांची बेरीज हा सर्वांत कच्चा पुरावा आहे. मुलगा पारखायचा असेल तर त्याच्या रिकाम्या चढाया पाहाव्यात.

चढाई तीस सेकंदांची. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. निदान रेषा ओलांडली नाही आणि कुणाला स्पर्शही झाला नाही, तर चढाईपटू बाद. बोनस मिळायचा तर समोर किमान सहा बचावपटू हवेत. या चौकटीत मुलगा काय करतो ते बारकाईने पाहिलं की बरंच कळतं. काही मुलं आत शिरताच उजव्या कोपऱ्याकडे धावतात, पाय टाकतात, हुकला की परततात. पुढच्या चढाईतही तेच. दुसरा एखादा पहिल्या दहा सेकंदांत नुसता बचावाची साखळी हलवून बघतो. कोपरारक्षक लवकर झेपावतो का, मध्यरक्षक त्याच्या मागे वेळेवर येतो का, हात कोण आधी सोडतो, हे त्याला हवं असतं. ती चढाई रिकामी जाते आणि वहीत शून्य पडतं. पण त्याच कोपऱ्यावर तो पुढच्या खेपेला वेगळ्या पायाने गेला, तर आधीच्या शून्याचा अर्थ उलगडतो. सलग दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी तर फारच बोलकी असते, कारण गुण आणला नाही तर बाद व्हायचं असतं. तिथे घाईने अंगावर जाणारा कोण आणि वीस सेकंद दम सांभाळून शेवटच्या क्षणी फट शोधणारा कोण, हे लपत नाही. पकड झाल्यावर मुलगा मध्यरेषेकडे कसा लोळतो, पट काढला गेला तरी हात लांबवतो की अंग सोडून देतो, तेही पाहावं. आणि बाद होऊन बाहेर बसल्यावर त्याची नजर सामन्यावर आहे का, हेही.

गुण फसवे ठरण्याचं मोठं कारण शरीर आहे. कुमार गटाला वीस वर्षांची आणि सत्तर किलोची मर्यादा. वरिष्ठ पुरुषांत ती पंचाऐंशी किलोवर जाते. जो मुलगा आपल्या गटात लवकर भरला, तो जोराने पकड तोडून गुण आणतो आणि सगळ्यांना वाटतं, हाच उद्याचा मोठा चढाईपटू. वरिष्ठांत तेवढाच जोर सगळ्यांकडे असतो, मग त्याच्याकडे दुसरं काही उरत नाही. हा दोष कबड्डीपुरता नाही. कॅनडात आइस हॉकीच्या युवा संघांचा अभ्यास करून रॉजर बार्न्सली यांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं की निवडलेल्या मुलांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांचा भरणा विलक्षण जास्त होता. गटाची वयोमर्यादा १ जानेवारीला ठरत असल्याने ती मुलं काही महिन्यांनी थोराड होती आणि त्या थोराडपणालाच गुणवत्ता समजलं गेलं. आपल्याकडे क्रिकेट मंडळ सोळा वर्षांखालील मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहतं ते खोट्या दाखल्यांना आळा बसावा म्हणून. पण दाखला खरा असला तरी दोन सोळा वर्षांच्या मुलांची शरीरं सारखी वाढलेली नसतात, हे निवडणाऱ्याने धरून चालायला हवं.

उशिरा उमलणाऱ्यांची उदाहरणं आपल्याच मातीत आहेत. कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई लीगमध्ये उतरला तो २०१८ मध्ये, पंचविशी ओलांडल्यावर. त्या पहिल्याच हंगामात त्याने दोनशेच्या वर गुण आणले आणि पुढच्या लिलावात १ कोटी ४५ लाखांची बोली त्याच्यावर लागली. अठराव्या वर्षीच्या यादीवर विसंबणाऱ्यांना हा कुठे सापडला असता? उत्तर अमेरिकेच्या आइस हॉकीत तर निरीक्षकांचं पूर्णवेळ जाळं आहे, तरीही तिथल्या लीगच्या नवोदितांच्या निवडीत पावेल दात्सुक १९९८ मध्ये १७१वा आणि हेन्रिक झेटरबर्ग १९९९ मध्ये २१०वा निवडला गेला. दोघांनाही डेट्रॉइटने घेतलं आणि २००८ मध्ये याच जोडीने संघाला विजेतेपद मिळवून दिलं.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: गुण निदान खोटं बोलत नाहीत, डोळ्यांवर सोपवलं की ओळखीपाळखी, संघाचं नाव, कुणाचा तरी फोन हे सगळं आत शिरतं. हे मी नाकारत नाही. म्हणूनच निरीक्षण लेखी हवं, दोन निवडकर्त्यांनी एकमेकांशी न बोलता करावं आणि मुलाला ते वाचायला मिळावं. लपवलेल्या मताला शिफारस चिकटते. लिहिलेल्या मताचा जाब विचारता येतो. दुसरा आक्षेप पैशाचा: पुणेरी पलटणने लीगचं विजेतेपद मिळवलं ते इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतल्यावर, मग घरच्या मुलांचं कौतुक कशाला? शादलूच्या पकडींचं मोल मान्यच आहे. पण १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवणाऱ्या संघाचा कर्णधार अस्लम इनामदार होता. नगर जिल्ह्यातला हा मुलगा आणि मोहित गोयत आठव्या हंगामात नवोदित म्हणूनच संघात आले होते. आदल्या हंगामात मुंबईतला अंतिम सामना जयपूरकडून २९-३३ असा गमावल्यावरही संघाने ही फळी मोडली नाही. पारखेत धीरही धरावा लागतो, तो असा.

वेळ नाही, मुलं शेकड्यांनी येतात, ही अडचण खरी आहे. मात्र आता गावच्या स्पर्धेचंही मोबाइलवर चित्रण होतं. जिल्हा संघटनांनी आणि लीगच्या संघांनी प्रत्येक मुलाच्या किमान तीन पूर्ण सामन्यांचं चित्रण चाचणीआधी मागवावं, त्यातल्या रिकाम्या चढायांची वेगळी नोंद ठेवावी आणि ज्याला या वर्षी नाकारलं त्याला पुढच्या वर्षी पुन्हा बोलवावं.