कोणत्या दिवसाची गाडी?

ऑगस्ट 2024 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या हिरवळीवर निकाल जाहीर झाला आणि जुन्या मोटारींच्या जगात चर्चेला उधाण आलं. 1950 पासून भरणाऱ्या या स्पर्धेत सर्वोत्तम गाडीचा मान गेली कित्येक दशकं तोंड दिसेल इतक्या लख्ख गाड्यांकडे जात होता. या वेळी तो 1934 च्या बुगाटी टाइप 59 ने पटकावला. तिचा रंग जागोजागी उडालेला आणि तडकलेला. नव्याने न सजवता नुसत्या जतन केलेल्या गाडीला हा मान मिळण्याची ही पहिलीच वेळ.

'ओरिजिनल'च्या कैवाऱ्यांना साहजिकच आनंद झाला. गंमत अशी, की ही गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा अशी नव्हतीच. ती ग्रां प्री शर्यतींची निळी गाडी होती. पुढे बुगाटीनेच तिची स्पोर्ट्स कार केली. मग ती बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड याच्याकडे गेली आणि त्याच्या पसंतीचा काळा रंग व पिवळा पट्टा तिच्यावर चढला. आज ज्या काळ्या रंगाचा एक पोपडाही खरवडायला कुणी धजणार नाही, तो मुळात मालकाने हौसेने करून घेतलेला बदल आहे.

जुनी स्पोर्ट्स कार हाती आली की मालकापुढे पेच उभा राहतो: होती तशी ठेवायची, की मनासारखी करून घ्यायची? हा वाद बहुधा सोवळ्या-ओवळ्याच्या थाटात रंगतो. पण 'होती तशी' म्हणजे नेमकी कोणत्या दिवशी होती तशी, हे आधी कुणी ठरवत नाही. ते ठरवलं, की निम्मा वाद मिटतो.

धुळीला आलेला भाव

एके काळी जुनी गाडी 'करायची' म्हणजे ती पार उघडीनागडी करायची, पत्रा घासून काढायचा, कातडी बैठका फेकून नव्या शिवायच्या आणि कारखान्यात कधी नव्हती अशी झळाळी आणायची, असा रिवाज होता. बक्षिसंही अशाच गाड्यांना मिळत. मग वारं फिरलं. फेब्रुवारी 2015 मध्ये पॅरिसला बेयाँ कुटुंबाच्या संग्रहाचा लिलाव झाला. अनेक वर्षं शेडमध्ये पडून राहिलेल्या त्या गाड्यांत फेरारी 250 जीटी कॅलिफोर्निया स्पायडर होती, एके काळी अभिनेता अलँ दलाँ याच्याकडे असलेली. जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली ती सापडली. धूळ न पुसताच ती लिलावात मांडली गेली आणि 1 कोटी 63 लाख युरोंना गेली. 2017 मध्ये जपानमध्ये सापडलेली अ‍ॅल्युमिनियम बॉडीची फेरारी डेटोना अशीच धुळीसकट 18 लाख युरोंवर गेली.

यामागे नुसता शौक नाही. कारखान्यातल्या कामगाराने वेल्डिंग कसं केलं, रंगाचे किती थर दिले, शिवण कोणत्या दोऱ्याची होती, याचा पुरावा त्या गाडीखेरीज कुठेच नसतो. पॉलिश पेपर एकदा फिरला की तो पुरावा गेला. मात्र धूळ म्हणजे इतिहास नव्हे. धुळीखाली गंज पत्रा खात असतो, रबर तडकत असतं. जतन करण्याच्या नावाखाली चालढकल करणारे मालकही कमी नाहीत.

बेंटली कोर्टात

हा प्रश्न लंडनच्या उच्च न्यायालयातही गेला होता. 'ओल्ड नंबर वन' या बेंटलीने 1929 आणि 1930 साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढे तिची चासी बदलली, आठ लिटरचं इंजिन बसलं. 1932 मध्ये ब्रुकलँड्सला अपघात होऊन चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला आणि त्यानंतर तिच्यावर बंद छपराची बॉडी चढली. साठेक वर्षांनी ती एक कोटी पौंडांना विकायचं ठरलं, तेव्हा खरेदीदार म्हणाला, ही ती गाडीच नव्हे.

1990 मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला. 1929 च्या गाडीचं आज जवळपास काहीच उरलेलं नाही, हे त्यांनी मान्य केलं. तरीही ही अस्सल 'ओल्ड नंबर वन'च आहे, असं ठरवलं. कारण ती मोडून कधी दुसरी बनवली गेली नव्हती. बदल होत गेले, पण ओळख तुटली नाही. एका जातिवंत वाड्याला दर पिढीने एकेक खोली जोडावी आणि तरी वाडा तोच राहावा, तसा हा न्याय.

फेरारीची 'ब्रेडव्हॅन' हे त्याचंच दुसरं उदाहरण. काउंट व्होल्पी याला फेरारीने 250 जीटीओ द्यायला नकार दिला. तेव्हा त्याने आपल्या 250 जीटी एसडब्ल्यूबीचं रूप अभियंता बिझारिनीकडून बदलून घेतलं, मागे सपाट लांब छप्पर चढवलं आणि 1962 च्या ल मान्सला उतरवलं. आज कुणी तिला पुन्हा 'मूळ' रूपात आणायला निघाला, तर संग्राहक त्याच्या अंगावर धावून जातील.

नऊशे अकराची गोष्ट

हा वाद सगळ्यांत खुलून दिसतो तो पोर्शे 911 मध्ये. 1963 मध्ये फ्रँकफर्टला 901 म्हणून दिसलेली ही गाडी प्यूजोच्या हरकतीमुळे 911 झाली. एअर-कूल्ड इंजिन घेऊन तिच्या पिढ्या 1998 पर्यंत चालल्या. 1974 च्या मॉडेलपासून अमेरिकेच्या नियमांपायी तिला जाड, पुढे आलेले बंपर बसले. तिथेच हौशी मंडळींचा जीव अडकला: इंजिन नंतरचं हवं, चेहरा आधीचा. 1978 ते 1983 मधली 3 लिटरची 911 एससी घ्यायची आणि लांब बॉनेट, बारीक बंपर लावून तिला दहा वर्षं मागे न्यायचं, हा उद्योग त्यातूनच निघाला.

स्वप्न बहुतेकांचं एकच, 1973 ची कॅरेरा आरएस 2.7. मागे बदकाच्या शेपटीसारखी वर उचललेली पट्टी, 210 अश्वशक्ती. शर्यतीच्या नियमांसाठी 500 पुरे होत्या, बनल्या 1,580. रस्त्यावर मात्र तिच्या वेशातल्या गाड्या याहून कितीतरी जास्त. म्हणून जाणता गिऱ्हाईक शेपटीकडे बघतच नाही. तो पुढची डिकी उघडतो, गालिचा बाजूला सारतो आणि चासी नंबर वाचतो. तो 911360 ने सुरू होत नसेल, तर गाडी कितीही देखणी असो, आरएस नव्हे. मग मागे जाऊन इंजिनवरच्या पंख्याशेजारी ठोकलेला नंबर पाहायचा. तो कागदांशी जुळला, तरच पुढचं बोलणं.

पण रूप बदलणं म्हणजे फसवणूक नव्हे. अमेरिकेत रॉब डिकिन्सन याने 2009 मध्ये स्थापलेली सिंगर कंपनी 964 मालिकेतली 911 घेते, कार्बन फायबरची बॉडी आणि नव्याने घडवलेलं इंजिन देते. ती गाडी जुनी असल्याचा आव आणत नाही. मॅग्नस वॉकर याची 277 क्रमांकाची 1971 ची 911 टी वर्षानुवर्षं बदलत गेली आणि त्या बदलांसकटच प्रसिद्ध झाली.

दुसऱ्या टोकाला जपानचा अकिरा नाकाई. आरडब्ल्यूबी या नावाने तो देशोदेशी जाऊन मालकाच्या गॅरेजमध्ये स्वतः मडगार्ड कापतो आणि रुंद फ्लेअर बसवतो. इथे कारागिरीतला एक बारकावा निर्णायक ठरतो. 911 ची पुढची मडगार्डं नटबोल्टची असतात. मन पालटलं तर काढून जुनी लावता येतात. मागची मात्र बॉडीला वेल्डिंगने जोडलेली. तिथे करवत फिरली की परत येणं म्हणजे पत्रा कापून नवा जोडणं आणि वर लांबी भरणं. बदल किती दिसतो, यापेक्षा तो कुठे केला आहे, हे महत्त्वाचं.

खुद्द पोर्शेने काय केलं? 2014 मध्ये जर्मनीतल्या एका शेडमध्ये 57 व्या क्रमांकाची 901 सापडली. गंजलेली, पुढची मडगार्डं गायब. कंपनीने ती 1,07,000 युरोंना घेतली, तीन वर्षं खपून दुरुस्त केली आणि डिसेंबर 2017 मध्ये संग्रहालयात मांडली. बॉडीसाठी भाग घेतले ते त्याच काळातल्या दुसऱ्या गाडीचे. कंपनीने 1964 चा दिवस निवडला आणि तो निभावला.

परतीचा रस्ता

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, 2012 मध्ये ट्युरिन सनद मंजूर केली. ऐतिहासिक इमारतींच्या 1964 च्या व्हेनिस सनदेचा आधार तिला आहे. तिचा गाभा सोपा: शक्य तितका कमी हात लावा, केलेलं मागे घेता येईल असं करा, आणि काय केलं ते लिहून ठेवा. जॅग्वारने 2017 मध्ये बॅटरीवर चालणारी ई-टाइप दाखवली, तेव्हा जुनं इंजिन पुन्हा बसवता येईल, असंच आश्वासन दिलं होतं. असं रूपांतर झालेली गाडी त्या रूपात ऐतिहासिक मानता येणार नाही, अशी भूमिका फिवाने घेतली. पण बदल परतवता येण्याजोगे असावेत, यावर दोघांचं एकमत.

आपल्याकडे या निवडीवर कायद्याची छाया आहे. आरसी बुकातल्या कारखान्याच्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ला चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. 2021 मध्ये पन्नास वर्षांवरच्या वाहनांसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी आली. शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी, की चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे आज हौसेने इंजिन बदलणारा मालक उद्याच्या 'व्हीए' पाटीवरही पाणी सोडतो. कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी स्पोर्ट्स कार नव्हे, पण एक धडा तिच्याकडून घ्यावा. गल्लोगल्ली होती तोवर तिला जपावं असं फारसं कुणाला वाटलं नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून तिची काळी-पिवळी गेली आणि लोक हळहळले.

तेव्हा निवड कशी करावी? आधी आपल्या गाडीसारख्या किती उरल्या आहेत ते मोजा. मोजक्याच असतील आणि पहिला रंग, पहिलं इंजिन शाबूत असेल, तर आपली हौस दुसऱ्या गाडीवर भागवा. भरपूर असतील, किंवा आधीच्या मालकांनी मूळ भाग संपवलेच असतील, तर खुशाल नटवा. बदल नटबोल्टचा असू द्या आणि काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवा. एखाद्या जुन्या बदलामागे शर्यत, राजा किंवा नामांकित कारागीर असेल, तर तो पुसणं हीच मोडतोड. आणि काहीही केलंत तरी विकताना ते कागदावर स्पष्ट लिहा. आरएसच्या वेशातली एससी ही झकास गाडी आहे. आरएस म्हणून विकलेली एससी हा गुन्हा आहे.