नाव काढण्याआधी लॉग वाचा

ग्राहकाला कोटेशन पाठवलं आणि काही सेकंदांत मेल परत आला. सोबत ५५० हा आकडा, नकाराची एक ओळ आणि कुठल्याशा ब्लॅकलिस्टचं नाव. सर्व्हर सांभाळणारा माणूस त्या यादीच्या साइटवर जातो, आपला आयपी पत्ता टाकतो, नाव काढण्याचा अर्ज भरतो. मेल जायला लागतात आणि ऑफिस कामाला लागतं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्या छोट्या कारखान्यांत, पतसंस्थांत, शाळांत हे रहाटगाडगं महिनोन्‌महिने फिरत राहतं. कारण जो अर्ज सर्वांत शेवटी भरायचा, तो इथे सर्वांत आधी भरला जातो.

मेल ज्या नियमांवर चालतो ते एसएमटीपीचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिले. तेव्हाच्या जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि संशोधनसंस्था होत्या; पाठवणारा खरा कोण हे पडताळण्याची सोय त्या नियमांत नव्हती. पाकिटावर प्रेषक म्हणून कोणाचंही नाव लिहावं आणि टपालपेटीत टाकावं, तसा तो कारभार. त्याआधीच, १९७८ मध्ये, डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थ्युर्क यांनी इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरच्या सुमारे चारशे जणांना आपल्या संगणकांची जाहिरात एकदम पाठवली होती. नव्वदच्या दशकात अशा मेलचा लोंढा आला, तेव्हा पॉल विक्सी आणि डेव्ह रँड या अभियंत्यांनी उपद्रवी पत्त्यांची यादी डीएनएसमधूनच, म्हणजे नावांवरून आयपी पत्ते सांगणाऱ्या व्यवस्थेतूनच, कोणालाही विचारता येईल अशी सोय केली. १९९८ मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी लंडनमध्ये स्पॅमहाउस सुरू केलं. आज जगभरातले असंख्य सर्व्हर स्पॅमहाउसच्या याद्या पाहून मेल घेतात किंवा नाकारतात.

यादीला विचारण्याची रीत साधी आहे. समजा तुमचा पत्ता २०३.०.११३.२५ आहे. मेल घेणारा सर्व्हर हे आकडे उलटे लावतो, पुढे यादीचं नाव जोडतो आणि डीएनएसला विचारतो. ‘असं नावच नाही’ असं उत्तर आलं, तर तुम्ही यादीत नाही. १२७.०.० ने सुरू होणारं उत्तर आलं, तर आहात. पण त्यातला शेवटचा आकडा पाहण्याची तसदी फार थोडे लोक घेतात, आणि खरी माहिती तिथेच असते. स्पॅमहाउसच्या एकत्रित यादीत शेवटी ४ असेल, तर त्या पत्त्यावरून एखादं व्हायरसग्रस्त मशीन बोलतंय असा अर्थ. १० किंवा ११ असेल, तर तुमच्यावर आरोपच नाही. हा पत्ता घरगुती ब्रॉडबँडच्या पट्ट्यातला आहे, इथून थेट मेल निघणं अपेक्षित नाही, एवढंच ती यादी सांगते. या दोन दुखण्यांचे उपाय पूर्ण वेगळे आहेत.

एवढं कळलं की सर्व्हरचा लॉग उघडायचा. आधी क्यू, म्हणजे बाहेर जाण्यासाठी थांबलेल्या मेलची रांग, पाहा. अनोळखी पत्त्यांना निघालेले शेकडो मेल तिथे अडकलेले दिसले, तर चोर घरातच आहे. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या प्रोग्राममध्ये लॉगिन करून पाठवलेल्या प्रत्येक मेलसोबत लॉगमध्ये त्या खात्याचं नाव नोंदलेलं असतं. बहुतेकदा तिथे एकच खातं पुन्हापुन्हा दिसतं, पहाटे तीन वाजता, परदेशी पत्त्यांवरून. कोणाचा तरी पासवर्ड फुटलेला असतो. तो बदलायचा, चालू असलेली लॉगिन तोडायची आणि क्यूमधला कचरा काढून टाकायचा. क्यू तशीच ठेवली, तर पासवर्ड बदलल्यावरही उरलेला स्पॅम निघत राहतो आणि केलेली मेहनत वाया जाते. लॉगमध्ये खात्याऐवजी वेबसाइट चालवणाऱ्या प्रोग्रामचं नाव दिसलं, तर ‘संपर्क करा’चा जुना फॉर्म किंवा अपडेट न केलेलं प्लगइन तपासायला घ्या.

खरी कसोटी लॉग स्वच्छ निघतो तेव्हा लागते. क्यू रिकामी, सगळे पासवर्ड मजबूत, आणि तरीही यादीत नाव. अशा वेळी सर्व्हर सांभाळणाऱ्याला यादीवाल्यांचीच चूक वाटते आणि तो पुन्हा अर्ज भरतो. पण छोट्या ऑफिसात इंटरनेटची जोडणी एकच असते, बाहेरच्या जगाला दिसणारा आयपी पत्ताही एकच. मेल सर्व्हर त्याच पत्त्यामागे, अकाउंट्सचा पीसी त्याच पत्त्यामागे, आणि पाहुण्याचा वायफायवर जोडलेला लॅपटॉपही. त्यातल्या एखाद्या मशीनमधला व्हायरस मेल सर्व्हरला न विचारता थेट पोर्ट २५ या सर्व्हर-ते-सर्व्हर मेलच्या दारातून जगभर स्पॅम पाठवतो. त्याची नोंद तुमच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये कुठून येणार?

उपाय फायरवॉलवर आहे. पोर्ट २५ वरून बाहेर जाण्याची परवानगी फक्त मेल सर्व्हरला द्या. बाकी सगळ्यांनी लॉगिन करून पोर्ट ५८७ वापरायचा. आणि अडवलेल्या प्रत्येक प्रयत्नाची नोंद ठेवा. ही नोंद फार मोलाची, कारण थोड्याच वेळात बाधित मशीनचा आतला पत्ता स्वतःहून तिथे येऊन पडतो. शक्य असेल तर मेल सर्व्हरला वेगळा स्थिर पत्ताच घ्यावा.

एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी हल्ली सगळे सांगतात, त्या हव्यातच. पहिली कोणते सर्व्हर तुमच्या नावाने मेल पाठवू शकतात ते जाहीर करते, दुसरी मेलवर डिजिटल सही करते, आणि या दोन्ही फसल्या तर काय करायचं ते तिसरी सांगते. आयपी पत्त्यावरून सर्व्हरचं नाव सांगणारी उलटी डीएनएस नोंदही नीट हवी. ती इंटरनेट पुरवणाऱ्याकडून करून घ्यावी लागते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी याबाबतचे नियम कडक केले. जीमेलवर दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी लागतात आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांखाली ठेवाव्या लागतात. पण चोर घरात असताना या नोंदींनी यादीतलं नाव निघत नाही. उलट, फुटलेल्या खात्यातून जाणाऱ्या स्पॅमवर तुमचाच सर्व्हर इमानदारीने डिजिटल सही करतो.

हे सगळं झाल्यावर, आणि एक-दोन दिवस फायरवॉल व क्यू शांत राहिल्यावर, नाव काढण्याचा अर्ज भरा. कारण शोधल्याशिवाय वारंवार अर्ज करत राहिलं, तर स्वतःहून नाव काढण्याची सोयच बंद होऊ शकते. स्पॅमहाउस नाव काढायला पैसे घेत नाही. काही याद्या लवकर काढण्याचे पैसे मागतात. ते देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. काही याद्या एका पत्त्याच्या उपद्रवापायी शेजारचे सगळे पत्तेही गुंडाळतात. तो अन्याय खराच, आणि त्यासाठी भांडायचं ते इंटरनेट पुरवणाऱ्याशी.

छोट्या संस्थांनी आपला मेल आपल्या हातात ठेवावा, दोन-तीन बलाढ्य कंपन्यांच्या हवाली करून मोकळं होऊ नये, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी सर्व्हरवर एक मर्यादा आजच घाला: एका खात्यातून तासाला किती मेल जाऊ शकतात. कारकुनाला शंभर पुरेसे असतात. पुढच्या वेळी पासवर्ड फुटला, तर खातं शंभराव्या मेलवर अडेल, आणि हाक ब्लॅकलिस्टच्या आधी तुमच्यापर्यंत येईल.