उपडा वाडगा

हाँगकाँगच्या हॉलिवूड रोडवरच्या एका दुकानात वृद्ध मालकांनी वाडगा माझ्या हाती दिला तो उपडाच. मी सुलटा करायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. रंग शेवटी बघायचा, म्हणाले.

भूल पडते ती रंगाचीच. चीनच्या झेजियांग प्रांतातल्या लोंगच्वानच्या भट्ट्यांतला हा सेलाडॉन, म्हणजे हिरवट झिलईचं भांडं. दक्षिण सोंग काळातला, म्हणजे 1127 ते 1279 मधला असावा, असा त्यांचा अंदाज. आवळ्यासारखा आतून उजळलेला, पण निळ्याकडे झुकणारा हिरवा. ही किमया लोखंडाची. भट्टीत येणारी हवा रोखून धरली की झिलईतल्या लोहाच्या जेमतेम अंशाने हा रंग चढतो. बुडाच्या कड्यावर झिलई नसते. भट्टी निवताना तिथल्या उघड्या मातीतल्या लोखंडाला हवा लागते आणि ते वीटकरी होतं. एकाच भांड्यात एकाच लोखंडाचे दोन रंग! मला तर हे वरच्या हिरव्याहून सुंदर वाटलं.

नकली मालात हा तांबूसपणा वरून फासलेला असतो आणि सगळीकडे सारखा दिसतो. इथे तो झिलईला लागून गडद होता, पुढे विरत गेला होता.

मग भिंग. जाड झिलईत असंख्य बारीक बुडबुडे अडकलेले; प्रकाश त्यांच्यात विखुरतो, म्हणून पृष्ठभाग जेडसारखा मऊ भासतो. ओरखडेही पाहिले. वापराचे ओरखडे वाटेल तसे, एकमेकांना छेदत जातात; पॉलिश कागदाने घासलेले एकाच दिशेने पळतात.

बुडाची चिमूटभर माती काढून ती शेवटची कधी भाजली गेली, हे प्रयोगशाळेत मोजता येतं. पण जुन्या भांड्याचं बूड नव्या अंगाला जोडणारे कारागीरही आहेत. त्यामुळे प्रयोगशाळेच्या नुसत्या दाखल्यावर विसंबणं मला धोक्याचं वाटतं. 2017 साली हाँगकाँगच्या लिलावात सोंग काळातलंच, रू भट्टीचं एक छोटं पात्र 29 कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर गेलं. एवढा पैसा असेल तिथे नक्कलही कसबी हातांचीच असणार.

मालकांनी नखाने काठावर टिचकी मारत वाडगा गोल फिरवला. टण्, टण्, टण्... आणि एका जागी टप्प. अतिनील दिवा धरला, तर दोन बोटं रुंदीचा काठ दुधी चमकला. डागडुजी होती ती. त्यांनी किमतीच्या चिठ्ठीवर आधी ते लिहिलं, मग आकडा खोडून नवा घातला.