रोमचे पँथिऑन : शिलालेखापलीकडे

रोमच्या अभ्यासदौऱ्यावर निघालेल्या विद्यार्थ्यांना आम्ही पँथिऑनमध्ये अंमळ अधिक थांबावयास सांगू. दर्शनी भागावर अग्रिप्पाचे नाव कोरलेले आहे. परंतु आजची वास्तू सम्राट हेड्रियनच्या काळात, सुमारे इ. स. 125 मध्ये पूर्ण झाली, हे विटांवरील शिक्क्यांवरून उलगडले. सुमारे 43 मीटर व्यासाच्या घुमटाला सळ्यांचा आधार नाही. वर वर जाताना काँक्रीटमध्ये हलका ज्वालामुखी दगड वापरला आहे. इ. स. 609 च्या सुमारास पोप चौथे बोनिफेस यांनी येथे पवित्र मरिया व हुतात्म्यांच्या नावे ख्रिस्तमंदिर स्थापिले. इतर प्राचीन वास्तूंचे दगड लोकांनी उचलून नेले. हे मंदिर उपासनेमुळे वाचले. मात्र सतराव्या शतकात पोप आठवे अर्बन यांनीच द्वारमंडपाचे कांस्य काढून नेले, हेही विद्यार्थ्यांपासून लपवू नये.